क्लेम नाकारला, वारस भांडले: वकिलीतले अनुभवाचे बोल

जळगाव आणि धुळे इथल्या जिल्हा ग्राहक आयोगांपुढे विम्याची प्रकरणं चालवताना एक गोष्ट पक्की कळली: भांडण मृत्यूनंतर बाहेर येतं, पण त्याचं मूळ माणूस हयात असताना केलेल्या कागदांत असतं. म्हणून अशिलांना जे वारंवार सांगतो, ते इथे क्रमाने देतो.

१. आधी पासबुक पाहा. तेरावं आटोपलं की घरचे कपाटात पॉलिसी शोधतात, पासबुकाकडे कोणी बघत नाही. वर्षाकाठी ४३६ रुपये कापलेले दिसले, तर बहुधा ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना असते. तिचे दोन लाख मिळतात आणि अर्ज त्याच बँकेत करायचा असतो.

२. बंद पडलेली पॉलिसी चालू करताना जपा. आपल्याकडे हप्ता कापसाच्या पैशावर चालतो. भाव पडला की हप्ता राहतो. पुढे कधीतरी एजंट थकबाकी व्याजासह भरून घेतो आणि तब्येतीच्या छापील प्रश्नांपुढे सरसकट ‘नाही’ लिहून सही घेतो. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर कंपनीला कुठल्याही कारणाने पॉलिसीवर हरकत घेता येत नाही. पण पॉलिसी पुन्हा चालू केली, की ही तीन वर्षं त्या तारखेपासून नव्याने मोजतात. ‘पंधरा वर्षांची जुनी पॉलिसी आहे, वकीलसाहेब’ म्हणणारी कुटुंबं नेमकी इथे अडकतात. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर तसं लिहा. हप्ता वाढला तरी चालेल.

३. नकार लेखी घ्या आणि कारण नीट वाचा. ‘माहिती लपवली’ एवढ्यावर दावा संपत नाही. मणक्याचं दुखणं सांगितलं नव्हतं, मृत्यू मात्र हृदयविकाराने झाला. अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. याउलट २०१९ मध्ये, दुसऱ्या कंपनीची पॉलिसी लपवली म्हणून नाकारलेला क्लेम त्याच न्यायालयाने नाकारलेलाच ठेवला. फसवणुकीचा आरोप नसून फक्त चुकीच्या माहितीवरून नकार असेल, तर भरलेले हप्ते ९० दिवसांत परत मिळायला हवेत.

४. लग्न झालं की नॉमिनी बदला. भुसावळला रेल्वेत लागलेला मुलगा पहिल्या पगारातून पॉलिसी काढतो आणि आईचं नाव लावतो. लग्नानंतर ते आपोआप बदलत नाही. तो गेल्यावर आई म्हणते, ‘मन्हा पोऱ्याना पैसा शे’. सून लेकराला कडेवर घेऊन समोर उभी. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचा. २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, नवराबायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांना लाभाचा हक्क दिला. तरी २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने वारसांचा दावा यानेही संपत नाही असं म्हटलं. भाऊ किंवा पुतण्या नॉमिनी असेल, तर तो या दुरुस्तीत बसतच नाही. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकरांच्या कुटुंबातला वाद शेअर आणि म्युच्युअल फंडांचा होता, तिथेही २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नॉमिनीला मालक मानलं नाही.

५. दोन घरं असतील तर लपवू नका. हिंदू कायद्यात पहिलं लग्न कायम असताना केलेल्या दुसऱ्या लग्नाने बायकोला वारसा मिळत नाही. तिच्या मुलांना मात्र बापाच्या मालमत्तेत वाटा मिळतो. ही मुलं सुनावणीत पहिल्यांदा समोर आली, की तडजोडीची वाट बंद होते.

६. योग्य दार ठोठवा. कंपनीने क्लेम नाकारला असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे एका वर्षात जा. तिथे ५० लाखांपर्यंतची भरपाई मागता येते, फी लागत नाही आणि आम्हा वकिलांचीही गरज नाही. ग्राहक आयोगाला मुदत दोन वर्षांची. पण वारस आपसांत भांडत असतील तर दिवाणी न्यायालयातून सक्सेशन सर्टिफिकेट आणावं लागतं. तोवर पैसे एकाच्या हाती जाऊ नयेत म्हणून कंपनीला तुमची हरकत लेखी कळवा आणि पोच घ्या.

७. डोक्यावर कर्ज असेल तर विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४ चा कायदा लक्षात ठेवा. नवऱ्याने त्याखाली बायकोमुलांच्या नावे पॉलिसी घेतली, तर तो पैसा सहसा सावकाराला, सोसायटीला किंवा भाऊबंदांना मागता येत नाही. त्यासाठी प्रपोजल फॉर्मसोबत एक जादा फॉर्म भरावा लागतो. एजंट तो स्वतःहून क्वचितच काढतो; तुम्हीच मागा, कारण पॉलिसी निघाल्यावर ही सोय जोडता येत नाही.