पऱ्हाटीचे पान : कापसाचे स्वयंपाकघर



आपल्या धामणगाव बढे परिसरात बऱ्याच जणांच्या वावरात पऱ्हाटी असते. वेचणी झाली की घरात कापसाचा ढीग लागतो. हा एवढा कापूस येतो कुठून? कोणी म्हणेल, जमिनीतून. पण हे उत्तर अपुरे आहे.

ब्रुसेल्सच्या व्हॅन हेल्माँट या शास्त्रज्ञाने कुंडीत सुमारे ९० किलो वाळलेली माती घेऊन विलो नावाचे झाड लावले. पाच वर्षे फक्त पाणी घातले. सव्वादोन किलोचे रोप सुमारे ७७ किलोचे झाले, पण माती जेमतेम ५७ ग्रॅम कमी झाली! हा प्रयोग १६४८ साली छापला गेला. झाड नुसत्या पाण्याचे बनते, असे त्याला वाटले. हवेचा वाटा त्याच्या ध्यानात आला नाही. पुढे १७७९ साली इंगेनहाउझ यांनी दाखवले की, झाडाचे हिरवे भाग उन्हात प्राणवायू सोडतात, अंधारात नाही.

हे काम चालते कुठे? मुख्यतः पानात. पानाला बारीक छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. पऱ्हाटीच्या पानाच्या खालच्या बाजूला ती जास्त असतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड वायू आत जातो. हवेच्या दहा हजार भागांत तो फक्त चारएक भाग असतो, पण झाडाला तेवढा पुरतो. पाणी मुळांकडून येते. पानाच्या पेशींत हरितलवके असतात व त्यांत हिरवे हरितद्रव्य असते. हरितद्रव्य सूर्याची शक्ती पकडते. त्या शक्तीने पाणी व कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर तयार होते आणि पाण्यातला प्राणवायू बाहेर पडतो. यालाच प्रकाशसंश्लेषण म्हणतात. चूल पानात, जळण सूर्याचे, असे समजा ना!

ही साखर रसवाहिन्यांतून बोंडाकडे जाते. तिथे तिच्यापासून सेल्युलोज बनते. कापसाचा धागा म्हणजे बहुतेक सगळे सेल्युलोजच. बोंडाला सर्वांत जास्त साखर त्याच्या शेजारचे पान पुरवते. म्हणून ते पान गेले की बोंडाची उपासमार होते.

आता लाल्याकडे पाहू. पाती-बोंडे लागल्यावर कधी कधी पऱ्हाटीची पाने लाल पडतात. हरितद्रव्य बनायला नत्र आणि मॅग्नेशियम लागते. ते कमी पडले, वावरात पाणी साचले, तुडतुड्यांनी रस शोषला किंवा रात्री एकदम गारठा पडला, तर हरितद्रव्य घटते व लाल रंग वर दिसू लागतो. मग साखर कमी बनते, बोंडे लहान राहतात, सरकी हलकी पडते आणि उत्पन्न घटते. म्हणून पालकांनो, पाने लाल व्हायला लागताच वाट पाहू नका. आधी पानाच्या खालची बाजू तुडतुड्यांसाठी पाहा. साचलेले पाणी काढून द्या. कोणते खत, कोणती फवारणी, हे कृषी सहायकांना विचारूनच ठरवा. कारण प्रत्येक वेळी वेगळे असते, तर औषध एकच कसे चालेल?

करून पाहा : कुंडीतले रोप दोन दिवस अंधारात ठेवा. मग एका पानाच्या मधल्या भागावर दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाची पट्टी लावून रोप दिवसभर उन्हात ठेवा. पान तोडून कागद काढा व पान गुरुजींकडे न्या. पुढचे काम गुरुजीच करतील, कारण स्पिरिट लवकर पेटते. ते पान उकळत्या पाण्यात बुडवून, गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग काढतील व पान धुऊन त्यावर आयोडीन टाकतील. ऊन लागलेला भाग निळा-काळा होईल, कारण तिथे पिष्ट तयार झाले. पट्टीखालचा भाग तसा होणार नाही.

तर मित्रांनो, पान उगीच तोडू नका. एक हिरवे पान म्हणजे एका बोंडाची शिदोरी आहे.