पायी चालणाऱ्याचे कागद

निवळी फाट्यापासून जयगडपर्यंत ट्रेलर आणि डंपर रात्रंदिवस धावतात. त्याच रस्त्याच्या कडेने शाळेची पोरं, एसटी गाठायला निघालेली माणसं आणि मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका चालतात. आमच्या घराला या रस्त्याचा फटका एकाच वर्षात दोनदा बसला. आधी भावाची गाडी मागून ठोकली गेली, मग पावसाळ्यात मासळी विकणाऱ्या आत्याला डंपरचा धक्का लागून तिचा पाय मोडला. दोन्हीकडची धावपळ माझ्याच वाट्याला आली.

भावाचं काम त्या मानाने सोपं. पॉलिसी त्याची, कंपनीही त्याचीच. सर्व्हेअर आला, गॅरेजचं एस्टिमेट पाहिलं, घसाऱ्यावरून थोडी हुज्जत झाली आणि गाडी दुरुस्त होऊन घरी आली. चूक कोणाची, हे कोणी फारसं विचारलंही नाही. त्याला स्वतःला मार लागला असता तर मात्र त्यालाही समोरच्या गाडीच्या विम्यावरच दावा लावावा लागला असता.

आत्याकडे काय होतं? ना पॉलिसी, ना आरसी, ना पगाराची स्लिप. पायी चालणारा कायद्याच्या भाषेत ‘तिसरा पक्ष’. त्याची भरपाई धडक देणाऱ्या गाडीच्या विम्यातून यायची, म्हणजे आपला पैसा परक्याच्या कंपनीकडे. ती कंपनी पहिलाच प्रश्न टाकते: बाई रस्त्यात आली कशाला?

आणि या प्रश्नाची तयारी पहिल्या दिवसापासूनच सुरू झालेली असते. आत्याला दवाखान्यात नेणाऱ्या शेजाऱ्याने, पोलिसांचं लचांड मागे नको म्हणून, ‘घसरून पडली’ असं सांगितलं होतं. केसपेपरवर ते तसंच उतरणार होतं. मी वेळेवर पोचल्यामुळे ‘वाहनाची धडक’ असं लिहून घेता आलं आणि मेडिको-लीगल नोंद झाली. ही एक ओळ राहिली असती तर पुढे वकिलाने कितीही डोकं आपटलं असतं तरी उपयोग नव्हता. माणुसकीने मदत करणारेच कधी कधी असा घोळ घालतात. त्यांना दोष तरी काय देणार.

दुसरी गोष्ट जागेची. डंपरवाल्याचा जबाब असा की म्हातारी एकदम आडवी आली. आत्याचं म्हणणं, “अरे, मी कडेनेच चालले होते, तिथे गवत होतं म्हणून डांबराला लागून.” गावातल्या एका मुलाने गर्दी हटायच्या आत मोबाइलवर फोटो काढले होते. पाटी उपडी पडलेली, बांगडे चिखलात, एक चप्पल साइडपट्टीवर आणि टायरची खूण त्या चपलेला चिकटून गेलेली. पंचनाम्यात जागेचं माप नीट येण्यासाठी हाच फोटो कामाला आला. गाडीच्या अपघातात चेपलेला पत्रा साक्ष देतो. पायी माणसाच्या बाबतीत पाऊस पडला की सगळं धुऊन जातं. म्हणून फोटो, गाडीचा नंबर आणि पाहणाऱ्यांची नावं त्याच दिवशी घ्या.

कमाईचा पुरावा हे तिसरं दुखणं. आम्ही गिऱ्हाइकांच्या उधारीची वही आणि माल देणाऱ्या व्यापाऱ्याची साक्ष उभी केली. अपंगत्वाचा दाखला घेतानाही नुसत्या टक्क्यांवर थांबू नका. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलं आहे की शरीराची हानी आणि कमाईची हानी एकच नव्हे. डावा हात गेलेला सुतार आणि डावा हात गेलेला कारकून यांचं नुकसान सारखं नसतं. डोक्यावर पाटी घेऊन वाड्या-वाड्या फिरणाऱ्या बाईचा पाय अधू झाला, तर तिचा धंदाच बसतो. हे दाव्यात स्पष्ट लिहायला हवं.

पण कायदा पायी माणसाच्या बाजूनेही आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. चालकाकडे परवाना नसला तर गाडीमालकाचा स्वतःच्या गाडीचा दावा कंपनी उडवू शकते. जखमी पादचाऱ्याला मात्र बहुतेकदा आधी पैसे द्यायचे आणि मग मालकाकडून वसूल करायचे, असा आदेश होतो. दावा अपघात झाला तिथल्या किंवा आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात लावता येतो, त्यामुळे डंपरमालक परजिल्ह्यातला असला तरी काम रत्नागिरीतच चालू शकतं. मोटार वाहन कायद्याच्या सुधारणेनंतर 1 एप्रिल 2022 पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका.

याच कायद्याच्या कलम 164 खाली चूक सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. कंपनीचा माणूस या रकमेचा कागद घेऊन घरी आला तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. ही रक्कम स्वीकारली की मोठा दावा संपतो. आत्याच्या उशाशी असा कागद आला होता. आम्ही तो परत केला. उपचारांसाठी हात आखडत असेल तर 2025 पासून अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात, याची तिथेच चौकशी करा.

गाडी पळूनच गेली आणि नंबर कळला नाही, तर न्यायाधिकरणात दावा लावायला समोर कोणी उरत नाही. तेव्हा ‘हिट अँड रन’ योजनेचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा. मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. त्यासाठीही पोलिसांत नोंदवलेली फिर्याद आणि दवाखान्याचे कागद लागतातच.