हृदयशूळ : औषधोपचार आणि स्टेंट

पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना छाती दाटून यावी व विसावताच मोकळी व्हावी, हे हृदयशूळाचे अर्थात अंजायनाचे लक्षण होय. रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने हृदयाच्या स्नायूस श्रमाच्या वेळी पुरेसा प्राणवायू मिळत नाही.

उपचाराचा पाया औषधे हाच आहे. बीटा-ब्लॉकर हृदयाचे श्रम कमी करतात; जिभेखालील सॉर्बिट्रेट वेदना शमविते. ही गोळी बसूनच घ्यावी, कारण रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते.

अँजिओप्लास्टीने वेदना कमी होते. तथापि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ अभ्यासात, स्थिर आजारात आरंभीच अँजिओप्लास्टी वा बायपास केल्याने मृत्यूचे प्रमाण घटल्याचे आढळले नाही. अशा रुग्णाच्या कुटुंबीयांनी कर्ज काढण्याची घाई न करता डॉक्टरांशी विचारविनिमय करावा. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविली. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही अँजिओप्लास्टीचा समावेश आहे.

मात्र विश्रांतीतही वेदना न थांबल्यास तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. अशा वेळी विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

गोळ्या परवडेनाशा झाल्या की उपचार खंडित होतो. म्हणूनच शस्त्रक्रियेस दिलेल्या देणगीइतकेच दरमहाच्या औषधांसाठी केलेले साहाय्यही मोलाचे आहे.