पाठांतर, विश्वास व वर्तन

शास्त्रपाठ : लूक 19:1-10, याकोब 2:14-26.

ज्या मुलास दहा आज्ञा तोंडपाठ आहेत, तोच सायंकाळी शेजाऱ्याच्या उसात शिरतो आणि गुरुजींनी विचारले असता खोटे बोलतो. मग आईबाप म्हणतात, "शाळेत धर्म शिकवून काय उपयोग?" हा प्रश्न रागावून टाळण्याजोगा नाही. आम्ही स्वतः वर्गात शिकवीत असता पाठांतरासच विश्वास समजलो, व चुकणाऱ्या मुलास छडी दिली की आपले कर्तव्य झाले असे मानीत होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

मार्टिन लूथर ह्याने सॅक्सनीतील मंडळ्यांची पाहणी केली, तेव्हा लोकांचे व पाळकांचेही अज्ञान पाहून त्यास फार खेद झाला. म्हणून 1529 साली त्याने लघु प्रश्नोत्तरावली लिहिली. तीत आज्ञा सांगून तो थांबत नाही. प्रत्येकीचा अर्थ विचारतो. चोरी न करणे एवढेच पुरे नव्हे, तर शेजाऱ्याचे धन राखावयास त्यास साहाय्य करावे, असे तो शिकवितो. शिवाय हे शिक्षण घरच्या कर्त्याने आपल्या घरात द्यावे, अशी त्याची अपेक्षा होती. सारा भार शाळेवर टाकणाऱ्या आईबापांनी हे ध्यानात ठेवावे.

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. कासुर्डी व केडगाव ही एकाच दौंड तालुक्यातील गावे. केडगावास पंडिता रमाबाईंनी दुष्काळात निराधार झालेल्या मुलींस आश्रय दिला. त्यापूर्वी पुण्याच्या शारदा सदनात त्या आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत. ज्या मुलीस वाटे ती येऊन बसे. त्यावरून 1893 साली मोठा वाद माजला व पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. तरी बाईंनी दार लावून घेतले नाही, की कोणास ओढूनही आणले नाही.

पुढे 1905 च्या जानेवारीत मुक्ति सदनात रोजच्या प्रार्थनेस सुमारे 70 जणी जमू लागल्या. जूनपर्यंत ती संख्या सुमारे 550 झाली. त्या महिन्याच्या अखेरीस मुली रडून आपली पापे पदरी घेऊ लागल्या. परंतु अश्रू हे विश्वासाचे माप नव्हे. त्यांच्यापैकी अनेक जणी टोळ्या करून खेडोपाडी शुभवर्तमान सांगावयास निघाल्या, हे फळ आम्हांस अधिक मोलाचे वाटते. त्याच संस्थेतील मुलींनी रमाबाईंच्या मराठी बायबलाचे खिळे जुळविले. त्या कामास धीर व सचोटी दोन्ही लागतात.

तर मग उसात शिरलेल्या मुलाचे काय करावे? जक्कयाने घेतलेले परत केले, हा धडा त्यास नुसता वाचून दाखवू नये. गुरुजींनी त्याचा हात धरून शेतकऱ्याच्या दारी जावे, मुलाने क्षमा मागावी, व नुकसानीबद्दल एक दिवस त्या शेतात काम करावे. गुरुजी बरोबर गेले म्हणजे मुलास कळते की, आपणास टाकून दिलेले नाही. भीतीने हात आवरतो. परंतु क्षमा मिळाली म्हणजे मन वळते.

मनन करण्यासाठी प्रश्न :
1. आमची मुले आमच्या व्यवहारात काय पाहतात?
2. शिक्षेनंतर मुलास परत जवळ घेण्याची रीत आमच्या शाळेत आहे काय?
3. ह्या आठवड्यात आम्ही कोणाचे काय परत करावयाचे आहे?