ताकदीचं इंजेक्शन

लग्नाला काही वर्षं होऊनही पाळणा हलेना, तेव्हा तपासण्या सुरू झाल्या त्या माझ्या बायकोच्या. रक्त, सोनोग्राफी, मग गर्भनलिकांचा एक्स-रे. त्या एक्स-रेच्या टेबलावर ती कळवळली होती. माझी वीर्यतपासणी कुणाला सुचली, तर सगळ्यात शेवटी. वास्तविक ती स्वस्त, सुई न टोचता होणारी; आणि अशा जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. ती आधी करा, हे मी नवऱ्यांना सांगतो आणि त्यांच्या आयांनाही.

माझे शुक्राणू एका मिलीलिटरमध्ये नव्वद लाख निघाले. १ कोटी ६० लाखांच्या खाली कमी धरतात. कमी होते, पण होते. एका डॉक्टरांनी 'पुरुषी हार्मोन वाढवू' म्हणून टेस्टोस्टेरॉन सुरू केलं. दाट, तेलकट इंजेक्शन. कंबरेत घेतलं की दोन दिवस जागा ठणकायची. अंगात तरतरी आली, दंड भरले, आई खूश झाली. पुढच्या रिपोर्टात संख्येच्या रकान्यात शून्य होतं.

पुण्याच्या अँड्रॉलॉजिस्टनी इंजेक्शनचं रिकामं खोकं वाचलं आणि प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे आकृती काढली. मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथी. तिच्याकडून एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन्स येतात, तेव्हा अंडकोष कामाला लागतात. बाहेरचं टेस्टोस्टेरॉन रक्तात खेळू लागलं की ग्रंथी ही दोन्ही पाठवणं थांबवते. शुक्राणू बनायला अंडकोषाच्या आत रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं. ते आटतं आणि शुक्राणू बनेनासे होतात. पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने दर आठवड्याच्या अशाच इंजेक्शनांची चाचणी घेतली होती. निष्कर्ष १९९० साली छापून आले. मूल व्हावं म्हणून मला ते दिलं जात होतं! अजूनही आठवलं की जीव जळतो.

म्हणून, मूल हवं असेल तर हे इंजेक्शन, जेल काहीही घेऊ नका. जिमवाल्याने दिलेलं असेल तर लाज न धरता डॉक्टरांना दाखवा. घेत असाल तर परस्पर बंदही करू नका. एकदम सोडल्यावर थकवा आणि उदासी येते, शिवाय अंडकोष पुन्हा जागे करायला एचसीजीसारखी औषधं देता येतात. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळे दर पंधरवड्याला रिपोर्ट काढून काळीज कुरतडून घेऊ नका. काहींना वर्ष लागतं, काहींना त्याहून जास्त. माझी संख्या परत आली, सावकाश.

एका रिपोर्टवर उपचार सुरू करू देऊ नका. दोन ते सात दिवसांचा संयम पाळून दुसरा काढा. मधल्या काळात मोठा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा, त्याने संख्या घसरते. शून्य आलं तरी वाट अडली आहे की निर्मितीच थांबली आहे, हे एफएसएच आणि हाताने केलेली तपासणी यांवरून बरंचसं कळतं. वृषणाच्या शिरा फुगलेल्या असतील, म्हणजे व्हेरिकोसील, तर तो उभं करून तपासल्यावरच नीट हाताला लागतो. माझा इतकी वर्षं कुणी तपासलाच नव्हता.