चौल बंदर आणि परवान्याचे राजकारण

नागोठण्याचा जुना दगडी पूल सुमारे १५८२ साली चौलचे काझी अलाउद्दीन यांनी बांधला, अशी गॅझेटिअरमध्ये नोंद आहे. त्याआधीच्या ७५ वर्षांत चौलने दोन मोठी युद्धे पाहिली होती. दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच होता : समुद्रातून माल कोणाच्या परवानगीने जाणार?

मार्च १५०८ मध्ये मिसरचे (इजिप्तचे) आरमार आणि दीवचे सुभेदार मलिक अयाज यांची गलबते चौलजवळ पोर्तुगिजांशी लढली. पोर्तुगीज सरदार लॉरेन्सो द आल्मेडा त्यात मारला गेला. मिसरच्या सुलतानाला आपल्या किनाऱ्याशी काय कर्तव्य होते? मलबारची मिरी तांबड्या समुद्रातून मिसरला जाई, तेथे जकात भरून पुढे व्हेनिसला. पोर्तुगीज ती आफ्रिकेला वळसा घालून परस्पर लिस्बनला नेऊ लागले आणि ही जकात बुडू लागली. कालिकतचा हिंदू राजा सामोरीनही मिसरच्याच बाजूला होता. या झगड्याला धर्माचा रंग देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पोर्तुगिजांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सक्तीचा केला. तो नसेल तर जहाज मालासकट जप्त. तरीही १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाने त्यांना रेवदंड्यास किल्ला बांधू दिला, कारण फौजेला घोडे हवे होते आणि चांगले घोडे समुद्रापलीकडून येत. १५७०-७१ मध्ये निजामशाही फौजेने त्याच ठाण्याला वेढा घातला. तो फसला, तह झाला आणि व्यापार पुन्हा सुरू झाला.

आता आजचे पाहा. नागोठण्याच्या कारखान्यात प्लास्टिकचा दाणा तयार होतो. त्यासाठी अमेरिकेतून आणलेला इथेन वायू गुजरातेत दहेजला उतरतो आणि पाइपलाइनने नागोठण्याला येतो. मे २०२५ च्या अखेरीस, आयात शुल्क आणि दुर्मिळ खनिजांवरून भांडण चालू असताना, अमेरिकेने चीनकडे जाणाऱ्या याच वायूवर परवान्याची अट घातली. जुलैच्या सुरुवातीला ती उठवावी लागली. चीनला दुसरा मोठा विक्रेता नव्हता, तसे अमेरिकेलाही एवढे मोठे गिऱ्हाईक नव्हते.

आपल्यापैकी जे दाणा घेऊन डबे-बादल्या बनवतात, त्यांनी डॉलरच्या भावाबरोबर अशा बातम्यांवरही नजर ठेवावी. मोठी ऑर्डर घेताना भाव किती दिवस बांधून द्यायचा, हे त्यावरून ठरवता येते.