शिकेकाई, रिठा आणि सीताफळाची बी : एक वस्तुपाठ

खेड्यातील प्राथमिक शाळेस वस्तुपाठाच्या साहित्यासाठी दूर जावे लागत नाही. शिकेकाईच्या चार शेंगा आणि मूठभर रिठे किराणा दुकानात सहज मिळतात. वर्गातील पुष्कळ मुलामुलींच्या डोळ्यांत न्हाताना शिकेकाईचे पाणी केव्हा ना केव्हा गेलेले असते. जी वस्तू डोळ्यांना एकदा झोंबली आहे, तिच्याविषयी मुलांचे कुतूहल जागे करण्यास वेगळ्या प्रस्तावनेची गरज पडत नाही.

शिकेकाई ही रानात इतर झाडांच्या आधाराने वर चढणारी काटेरी वेल आहे. सह्याद्रीच्या जंगलात ती आढळते. तिच्या वाळलेल्या शेंगा तपकिरी आणि सुरकुतलेल्या असतात. नावातील ‘काई’ हा अंश दक्षिणेकडचा आहे. कानडी व तमिळ भाषांत ‘काय’ म्हणजे कच्चे फळ किंवा शेंग. रिठ्याचा मात्र चांगला मोठा वृक्ष होतो. त्याच्या फळाची साल चिकट असते व आत काळी, गुळगुळीत, कठीण बी निघते. फेस होतो तो सालीचा, बीचा नव्हे. मुलांना हे सांगू नये. दोन्ही वेगवेगळी भिजत घालून त्यांनाच पाहू द्यावे. रिठ्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव ‘सॅपिंडस’ असे आहे आणि त्याचा अर्थच ‘हिंदुस्थानचा साबण’ असा होतो.

आदल्या दिवशी दोन्ही वस्तू कोमट पाण्यात भिजत ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी ते पाणी गाळून बाटलीत घालावे व बूच घट्ट लावून हलवावे. फेस येतो, आणि तो बराच वेळ टिकतो. ह्या फेसाचे कारण ‘सॅपोनिन’ नावाचे द्रव्य. त्याच्या कणाच्या एका टोकास पाण्याची ओढ असते व दुसऱ्यास तेलाची. केसांतील तेल आणि तेलाला चिकटलेली धूळ ह्या दोन ओढींमध्ये सापडते व पाण्याबरोबर निघून जाते. पाण्याच्या दोन पेल्यांत गोडेतेलाचा एकेक थेंब टाकून, एकात शिकेकाईचे पाणी घालून दोन्ही ढवळले, तर ही गोष्ट चौथीच्या मुलासही दिसते.

साबणाचे कामही असेच चालते. तरीही दोहोंत भेद आहे, आणि तो दाखविण्यास घरची हळद पुरते. टिपकागदाचे तुकडे हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवावेत. एकावर अंगाच्या साबणाचे पाणी सोडले की डाग तांबूस होतो. शिकेकाईच्या पाण्याने कागद पिवळाच राहतो. साबण अल्कधर्मी आहे, शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी. हळदीवर चुन्यासारख्या द्रव्याची क्रिया करून कुंकू बनवितात, हा त्याच गुणधर्माचा घरगुती दाखला होय. दुसरा प्रयोग विहिरीच्या पाण्याचा. जेथे पाणी दुष्फेन, म्हणजे बोलीत ज्याला जड म्हणतात तसे असते, तेथे साबणाचा फेस होण्याऐवजी पांढरट साका बनतो व तो केसांवर बसून केस राठ लागतात. रिठ्याचा फेस त्याच पाण्यात होतो. जड पाण्याच्या गावांतील बायकांनी शिकेकाई धरून ठेवली, तीत केवळ रूढीप्रियता नव्हती. आजच्या शाम्पूच्या बाटलीवर शेंगेचे चित्र असले, तरी आतला फेस बहुधा कारखान्यात तयार केलेल्या द्रव्याचा असतो. मुलांनी वेष्टनावरील घटकांची यादी वाचून पाहावी.

येथवर पाठ सुखाचा आहे. पण येथेच थांबल्यास मुलांच्या मनात एक घातक समजूत राहून जाते. ती अशी की, जे झाडाचे आहे ते निरुपद्रवी आहे. वनस्पती सॅपोनिन तयार करतात ते माणसाचे केस धुण्यासाठी नव्हे. कीड आणि बुरशी ह्यांपासून स्वतःचे रक्षण व्हावे, ह्यात त्याचा उपयोग होतो. हेच द्रव्य माशांच्या कल्ल्यांवर घातक परिणाम करते. म्हणून प्रयोगाचे उरलेले पाणी तळ्यात ओतू नये. रिठा डोळ्यांची आग करतो तेही ह्याच गुणामुळे.

सर्वांत अधिक सावधगिरी हवी ती सीताफळाच्या बीविषयी. डोक्यात उवा झाल्या म्हणजे ह्या बिया वाटून, तेलात किंवा पाण्यात कालवून केसांना लावण्याची रीत अनेक घरांत आहे. उवा मरतात, हे खरे. बीच्या गरात कीटकांना मारणारे तीव्र विष असते. फळ खाताना चुकून गिळलेली अख्खी बी कठीण कवचामुळे सहसा तशीच बाहेर पडते. वाटल्यावर मात्र ते कवच राहत नाही. ह्या पुडीचा कण किंवा लेपाचा ओघळ डोळ्यांत गेल्यास बुबुळावरील पारदर्शक पटल सोलवटते. डोळा लाल होतो, पाणी गळते, उजेड सहन होत नाही. हे दुखणे कित्येकदा काही तासांनंतर बळावते, त्यामुळे सकाळच्या लेपाशी रात्रीच्या वेदनेचा संबंध घरच्यांच्या ध्यानात येत नाही. वेळीच उपचार मिळाल्यास डोळा बहुधा बरा होतो. जखमेत जंतू शिरले तर फूल पडून दृष्टी कायमची अधू होण्याचे भय असते. असे रुग्ण भारतातील नेत्रवैद्यांनी पाहून नोंदविलेले आहेत.

उवांवर ह्या विषाची गरजही नाही. उवा उडत नाहीत, उड्या मारीत नाहीत. डोक्याला डोके लागून त्या एकीकडून दुसरीकडे जातात. स्वच्छ केसांतही त्या होतात, म्हणून वर्गात एखाद्या मुलीस ह्या कारणावरून लाजविणे अन्यायाचे आहे. वर्गातील दंगा शांत करण्यासाठी तिला वेगळे बसविणारा शिक्षक दुसऱ्या दिवशी तिच्या डोक्यावर बियांचा लेप पाहील, हे त्याने ध्यानात ठेवावे. लाजेपोटीच घरी असले जालीम उपाय होतात. शिकेकाईने उवा मरत नाहीत. ओल्या, तेल लावून निसरड्या केलेल्या केसांतून बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत फिरविणे हा साधा उपाय. लिखा केसांना घट्ट चिकटलेल्या असतात व साधारणतः ७ ते १० दिवसांत फुटतात. एकदा विंचरून काम संपत नाही ते ह्यामुळे. तीन-चार दिवसांच्या अंतराने दोन ते तीन आठवडे हा क्रम चालवावा, आणि घरातील सर्वांची डोकी एकाच वेळी पाहावीत. एवढ्याने न भागल्यास आरोग्य केंद्रातून औषध घ्यावे.

डोळ्यांत लेप गेलाच, तर डोळा चोळू न देता स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान १५ मिनिटे धुवावा व मुलास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. दूध, मध, काजळ काहीही घालू नये. डोळ्यांत काय गेले, हे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. संकोचाने पालक पुष्कळदा ‘कचरा गेला’ एवढेच सांगतात.

हा पाठ श्रावण-भाद्रपदात, सीताफळे बाजारात येण्यापूर्वी घेणे सोयीचे. त्याच आठवड्यात मातांची सभा बोलावता आल्यास हळदीचा कागद आणि दुष्फेन पाण्याची बाटली त्यांच्यापुढेही मुलींकडूनच करून दाखवावी. सीताफळाच्या बिया वर्गात आणण्याचे कारण नाही. त्या सर्वांनी पाहिलेल्या असतात.